श्रीच्या पोटात श्री

रविराजने माउस मारला तो मंगळवारी, आणि देवरामला मारलं ते त्याच्या पुढच्या सोमवारी. मधले दिवस रिकामे गेले असं कुणी समजू नये. त्या दिवसांत पाण्याचा एक जार, एका टेम्पोची काच आणि अमोलचा चष्मा एवढं फुटलं, पण ते किरकोळीत धरायचं.

माउसचा गुन्हा असा की तो दोनदा दाबूनही फाइल उघडली नाही. रविराजने तो वायरीसकट उपटला आणि अमोलला फेकून मारला. अमोल हा त्याचा आतेभाऊ, कायम हाताशी असायचा, त्यामुळे फेकायच्या वस्तूला दूर जावं लागत नसे. मग रविराजने कॉम्प्युटरच्या डब्याला एक लाथ घातली. तेव्हापासून पडद्यावरची चित्रं गेली. ज्याने तो डबा बसवला होता त्या मालेगावच्या योगेशने फोनवर सांगितलं की चित्रांचा भाग गेला, आतलं सगळं शाबूत आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून काम चालवा, हंगाम संपला की येतो. तो हंगाम संपायच्या आधी येणार नव्हता. तोही रविराजला ओळखत होता.

हे सगळं मखमलाबादच्या पुढे, वाल्मीक अण्णांच्या पॅकहाउसमध्ये. द्राक्षं येतात, बायका ती निवडतात, पेट्या भरतात, पेट्या जहाजातून परदेशी जातात. रविराज हा अण्णांचा पुतण्या. त्याच्याकडे शिस्त हे खातं होतं.

अण्णांचा स्वभाव वेगळा. देवभोळा माणूस. नवी वही उघडली की पहिल्या पानावर आधी श्री; श्रीच्या वर एक अक्षर लिहायचं नाही. लक्ष्मीपूजनाला नवी वही सुरू झाली की जुनी वही टाकायची नाही, नव्या वहीच्या लाल कापडात आत गुंडाळून ठेवायची. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी योगेशला बजावलं की यालाही हीच रीत. योगेशने वाद घातला नाही, कारण अण्णांच्या मागे रविराज उभा होता. त्याने श्री नावाचा फोल्डर केला आणि त्या हंगामाचं सगळं त्यात ठेवलं. पुढच्या लक्ष्मीपूजनाला नवा श्री केला आणि जुना श्री जसाच्या तसा त्याच्या पोटात घातला. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. असे तीन हंगामांचे तीन श्री एकाच्या पोटात एक बसले होते, आणि कुठलाही उघडला तरी आत तीच नावं: कॅमेरा, टेम्पो, पावत्या, फवारणी.

आता सोमवार. देवराम हा पेठ तालुक्यातला, पन्नाशीचा, हमालांचा म्होरक्या. सकाळी अकराच्या सुमारास त्याने टेम्पोत पेट्यांचा सातवा थर लावायला नकार दिला. खालची द्राक्षं फुटतील, एवढंच म्हणाला, तेही हळू. पण ड्रायव्हरच्या समोर म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर गप्प उभा राहिला.

रविराजच्या हातात पेट्या ओढायचा लोखंडी आकडा होता. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. देवराम बसला, तेव्हा तिसरा जबड्यावर. आवाज पेटी फुटल्यासारखा आला, असं ड्रायव्हर नंतर बऱ्याच जणांना सांगत होता, पोलिसांना सोडून. दोन दात पडले. एक देवरामच्या बायकोला, फुलाबाईला, सापडला. दुसरा द्राक्षांच्या चिखलात गेला. देवराम बेशुद्ध पडल्यावर रविराजने इकडेतिकडे पाहिलं, फुलाबाईच्याच टेबलावरची द्राक्षं कापायची कात्री आणली, देवरामच्या पंजात ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून तिच्यावर मिटली. हे काम त्याने फार निगुतीने केलं. त्या हाताने एवढं हळुवार काही केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मग तो स्वतःच चौकीवर गेला आणि हमालाने कात्री घेऊन अंगावर धाव घेतली अशी फिर्याद देऊन आला. देवराम सिव्हिलमध्ये गेला. जबड्याला तारा घातल्या, त्यामुळे त्याची बाजू त्याच्या तोंडातच राहिली. खाटेशेजारी खुर्ची टाकून एक पोलीस बसवला. डॉक्टरांनी सोडलं की उचलायचं. शेडमध्ये बेचाळीस बायकांनी सगळं पाहिलं होतं. हवालदारांनी विचारलं तेव्हा बेचाळीस जणी द्राक्षं निवडत होत्या आणि द्राक्षं निवडताना मान खाली घालावी लागते. एकट्या फुलाबाईने मान वर करून खांबाकडे बोट दाखवलं. खांबावर कॅमेरा होता.

हवालदार म्हणाले, बुधवारी चारला येतो, सोमवारचं चित्रण काढून ठेवा.

म्हणून बुधवारी अडीच वाजता रविराज ऑफिसात शिरला. मागे अमोल. बाहेर पायरीवर फुलाबाई सकाळपासून बसलेली होती, पदराच्या गाठीत दात. तिला ओलांडून दोघे आत आले. रविराजने दार लावलं, दाराला बंद पडलेला जुना यूपीएस अडसर म्हणून सरकवला, आणि टेबलावर आकडा व दुसरी एक कात्री मांडली, जेवणाचं ताट मांडावं तशी.

टेबलापलीकडे मोहिनी मॅडम. सिडकोत त्यांचा चौदा वर्षं कॉम्प्युटर क्लास होता. पोरं फोनवरच सगळं शिकायला लागली तेव्हा क्लास बंद पडला आणि त्या इथे ऑपरेटर म्हणून आल्या. पण क्लास बंद झाला म्हणून माणसातली शिकवणारी बाई थोडीच बंद होते. कुणी दोन बोटांनी टाइप करताना दिसलं की अजून त्यांना राहवत नसे.

रविराजने सांगितलं की सोमवार पुसा. मॅडम म्हणाल्या, "मी बटण दाबणार नाही."

रविराजने अमोलच्या कानशिलात मारली. बाईवर हात उचलायचा नाही हे त्याचं तत्त्व होतं, आणि त्या तत्त्वाचा सगळा खर्च अमोलवर पडत असे. त्याने पुन्हा सांगितलं, मॅडमनी पुन्हा नाही म्हटलं, अमोलच्या नाकातून रक्त आलं. मग रविराजने आकडा उचलला आणि कॉम्प्युटरच्या डब्याकडे पाहिलं. डबा फोडला असता तर प्रश्न मिटला असता, पण त्यात बंदरावर थांबलेल्या मालाचे सगळे कागद होते. अण्णा त्याच मालासाठी मुंबईला गेले होते, आणि जगात रविराज एकट्या अण्णांना भीत असे. तरी आकडा हळूहळू वर चालला होता.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. शिकवण्यात वेळ किती सहज जातो हे त्यांना चौदा वर्षांच्या अनुभवाने पक्कं ठाऊक होतं.

"दाबणार नाही," त्या म्हणाल्या, "पण शिकायचं असेल तर शिकवते. शिकवायला मी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही."

रविराजला हे पटलं. कुठलंही काम स्वतःच्या हाताने केलेलं बरं, असं त्याचं आधीपासून मत होतं. तो खुर्चीत बसला. मॅडमनी आधी त्याला पाठ ताठ करायला लावली.

पडदा काळा होता आणि कोपऱ्यात डॉलरचं एक चिन्ह लुकलुकत होतं. मॅडमनी सांगितलं की हे चिन्ह म्हणजे तो ऐकायला तयार आहे. इथे माउस नाही, चित्रं नाहीत. मोठं घर समजा, दिवे गेलेलं. खोल्या आहेत, खोल्यांच्या आत खोल्या आहेत, आणि आपण चाचपडत चाललोय. म्हणून पहिला धडा: आधी आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते विचारायचं. त्यासाठी तीन अक्षरं: पी, डब्ल्यू, डी.

ही अक्षरं रविराजने रस्त्याकडेच्या पाट्यांवर वाचली होती आणि त्या खात्याशी त्याचं जमत नसे. शिवाय प्रश्नच त्याला अपमानाचा वाटला.

"मी कुठं उभा हाय ते मी डबड्याला इचारू?" तो म्हणाला. "माझ्या पॅकहाउसात उभा हाय. पुढचं सांगा."

मॅडमनी एकदा सांगून झालं अशी मनात खूण केली आणि पुढचा धडा घेतला. एल, एस. खोलीत काय काय आहे ते दाखव, असा त्याचा अर्थ. रविराजने एल दाबला, लांबलचक जागा सोडली, मग एस दाबला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. त्याने अमोलला विचारलं, हा काय म्हणतोय. अमोल म्हणाला, असली आज्ञा माहीत नाही म्हणतोय. रविराजने कीबोर्डवर मूठ आपटली. तीन बटणं उडाली, एक अमोलच्या कपाळाला लागून टेबलाखाली गेलं. मग मूठ अमोलकडे वळली, कारण ओळ त्याने वाचून दाखवली होती.

"दोन अक्षरं जोडून," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आणि डाव्या हाताची करंगळी मोकळी ठेवा."

जोडून दाबल्यावर पडद्यावर एकच शब्द उमटला: श्री. रविराजने सवयीने कपाळाला हात लावला. अमोलनेही लावला, त्याच्या हाताला रक्त लागलं.

तिसरा धडा, सी डी. खोलीत शिरायची आज्ञा. सी डी, जागा, श्री, एंटर. रविराजने एकेक अक्षर द्राक्षाचा मणी फोडावा तसं दाबलं. एंटर मारला. पडद्यावर काहीच झालं नाही. खाली नवीन डॉलर आला आणि लुकलुकत राहिला.

"काय म्हणाला?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "काम झालं की तो बोलत नाही. चुकलं तरच बोलतो."

हे मात्र रविराजच्या डोक्यात शिरेना. त्याच्या जगात हुकूम सोडला की हो भाऊ असं ऐकू यायचं. हो भाऊ आलं नाही तर समोरचा माजला आहे असा अर्थ होई. देवरामही गप्पच राहिला होता. रविराज त्या गप्प डॉलरकडे बघत राहिला आणि त्याच्या मानेवरची शीर फुगायला लागली. आधीची आज्ञा पुन्हा आणायला वरचा बाण दाबायचा, हे मॅडमनी त्याला मघाशी सांगितलं होतं. त्याने बाण दाबला, एंटरवर अंगठा रोवला आणि तोंडाने म्हणाला, "शीर म्हटलं ना."

पुन्हा शांतता. पुन्हा डॉलर. उत्तर नाही म्हणून अमोलला एक बसली.

मोहिनी मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. क्लासमध्ये त्यांची पद्धत अशी होती की विद्यार्थी चुकला तर चूक त्याची त्याला सापडू द्यायची. तपासायचा मार्ग तीनदा सांगायचा, चौथ्यांदा नाही.

"भाऊ, आता तरी पी डब्ल्यू डी विचारा," त्या म्हणाल्या. "कुठे उभे आहात ते बघून घ्या." हे दुसऱ्यांदा.

रविराजने कात्री उचलली, उघडली, आणि मॅडमच्या बोटांपासून चार अंगुळं अंतरावर टेबलात खुपसली. ती टेबलात शिरली नाही, सनमायका होता. घसरून कीबोर्डवर आली.

"अजून एकदा मला कुठं उभा हाय इचारलं ना मॅडम," तो म्हणाला, "तर तत्त्व राहील बाजूला."

 मॅडमनी कात्री उचलून पलीकडे ठेवली. ती एंटरच्या बटणावर पडली होती.

मग एल एस. या वेळी पाच शब्द आले: कॅमेरा, टेम्पो, पावत्या, फवारणी, श्री. कॅमेरा हा शब्द पाहून रविराज प्रथमच हसला. त्याला हवा होता तो माणूस जणू गल्लीत सापडला होता. मॅडमनी सुचवलं की आत शिरून तारखा पाहाव्यात, सोमवार आहे ना ते बघावं. तो म्हणाला, ज्याला मारायचंय त्याचं तोंड बघत बसायची आपल्याला सवय नाही.

शेवटचा धडा मॅडमनी नेहमीपेक्षा सावकाश दिला. आर एम. पुसण्याची आज्ञा. इथे कचऱ्याची टोपली नाही, त्यांनी सांगितलं. चित्रांच्या कॉम्प्युटरवर पुसलेलं परत आणता येतं, इथे नाही. खोली सामानासकट पुसायची तर पुढे एक आडवी रेघ आणि आर. एकदा एंटर मारला की नक्की का, असंही तो विचारत नाही.

"इचारत नाय?" रविराजच्या आवाजात पहिल्यांदाच आदर आला. "मंग हा आपल्या लायनीतला हाय."

"म्हणूनच आधी कुठे उभे आहात ते बघायचं असतं," मॅडम म्हणाल्या. "पी डब्ल्यू डी. हे तिसऱ्यांदा सांगतेय. आता सांगणार नाही."

त्याने ऐकलं नाही. आर एम, जागा, रेघ, आर, जागा, कॅमेरा. एकही चूक झाली नाही. पाठही ताठ होती. एंटर. डॉलर लुकलुकला. रविराजने काही क्षण वाट पाहिली आणि मग, तासभराच्या शिक्षणानंतर, त्याला ती शांतता समजली. काम झालं होतं. आनंदाच्या भरात तो उठला आणि त्याने अमोलच्या पाठीत गुद्दा घातला. चारला वीस मिनिटं कमी होती.

हवालदार चारला आले. रविराजने त्यांच्यासाठी चहा मागवला आणि या हंगामात कॅमेरा बंदच होता, वायर उंदरांनी खाल्ली, असं सांगितलं. हवालदारांनी चहा घेतला आणि पेन ड्राइव्ह मॅडमच्या हातात दिला. असेल नसेल ते बघा, म्हणाले. फुलाबाई दारात येऊन उभी राहिली. तिला आत या कुणी म्हटलं नाही, आणि जा म्हणायला रविराजला आता गरज वाटत नव्हती.

मोहिनी मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी आधी टाइप केलं, पी डब्ल्यू डी.

पडद्यावर एक ओळ आली. तिच्यात श्री दोनदा होता.

"बघा भाऊ," मॅडम म्हणाल्या, जणू वही तपासून परत देत होत्या. "तुम्ही इथे उभे होतात. श्रीच्या आतल्या श्रीत. म्हणजे गेल्या हंगामात. पुसलात तो तिथला कॅमेरा. पहिल्या आज्ञेलाच आत शिरला होतात, तो बोलला नाही म्हणून तुम्ही आणखी एक खोली आत गेलात."

त्यांनी सी डी आणि दोन टिंबं दाबली. त्याने एक खोली मागे येता येतं. एल एस. कॅमेरा तिथे होता. त्यात सोमवार होता. सोमवारातले अकरा वाजलेले होते.

मॅडमनी ते पेन ड्राइव्हवर उतरवलं आणि हवालदारांनी तो सोबत आणलेल्या लॅपटॉपला लावला. चित्रणाला आवाज नव्हता. खांदा, गुडघा, जबडा. तिसऱ्या घावाला अमोलने डोळे मिटले; त्याला त्या हाताची ओळख होती. मग कात्री आली. पडद्यावरचा रविराज गुडघ्यावर बसला आणि पडलेल्या माणसाची बोटं मिटू लागला, करंगळीपासून.

"सायब," फुलाबाई म्हणाली, "माझ्या घरवाल्याची बोटां कोण मिटवतोय, तेवढा बघा."

हवालदारांनी ते पुन्हा एकदा पाहिलं. नंतर पेन ड्राइव्ह काढून ते लिफाफ्याला गोंद लावू लागले. रविराजने आकडा उचलला. आता माल, बंदर, अण्णा, काहीच त्याच्या डोक्यात नव्हतं. तो डब्याकडे निघाला आणि डबा व त्याच्यामध्ये मोहिनी मॅडमची खुर्ची होती. तत्त्व बाजूला राहिलेलं होतं. आकडा वर गेला.

तो खाली आलाच नाही, कारण मधेच यूपीएस आला. अमोलने तो दाराजवळून कधी उचलला हे कुणाला कळलं नाही. आत जुनी बॅटरी असल्याने वजन दगडाएवढं होतं आणि तो रविराजच्या जबड्यावर बाजूने बसला. पेटी फुटल्यासारखा आवाज आला. रविराज टेबलाच्या कडेवर, तिथून कीबोर्डवर आणि तिथून जमिनीवर गेला. चार बटणं उडाली. दातही गेले, पण ते कुणी गोळा केले नाहीत. अमोल यूपीएस हातात धरून उभा होता आणि कुणी आपल्याला रागावेल का याचा अंदाज घेत होता.

हवालदारांनी मान वर केली. लिफाफ्याला गोंद लावताना मान खाली घालावी लागते. काय झालं ते कुणी पाहिलं का, असं त्यांनी खिडकीतून शेडमध्ये विचारलं. बेचाळीस बायका द्राक्षं निवडत होत्या. इथे कॅमेरा आहे का, त्यांनी मॅडमना विचारलं.

"या खोलीत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि एंटरचं बटण शोधायला टेबलाखाली वाकल्या.

सिव्हिलमध्ये रविराजला देवरामच्याच वॉर्डात खाट मिळाली. देवरामच्या खाटेशेजारचा पोलीस उठला, खुर्ची उचलून दोन खाटा पलीकडे गेला आणि तिथे बसला. फुलाबाईने पदराची गाठ सोडून दात देवरामच्या उशाशी ठेवला. त्याचा आता उपयोग काही नव्हता, पण वस्तू त्याची होती.

तिसऱ्या दिवशी रविराजचा वकील भेटायला आला. तो या प्रकरणासाठी आला नव्हता; त्याला पुढच्या मंगळवारच्या तारखेची काळजी होती. गेल्या हंगामात पिंपळगावचा एक टेम्पोवाला पॅकहाउसच्या गेटवर पडून त्याचं डोकं फुटलं होतं आणि त्याने रविराजवर डोकं फोडल्याची केस टाकली होती. गंमत अशी की तेवढ्या एका वेळी रविराजने खरोखर हात लावला नव्हता. त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि तो माणूस द्राक्षांच्या सालींवरून घसरला होता. पुरावा काय तो गेटच्या कॅमेऱ्याचा.

वकिलाने खाटेशी वाकून विचारलं, ते चित्रण काढून ठेवलंय ना, मंगळवारी तेच दाखवायचंय, दुसरं आपल्याकडे काही नाही.

रविराजच्या जबड्याला तारा होत्या. तो डोळे मोठे करून वकिलाकडे बघत राहिला. घशातून काही आलं, पण त्याला शब्द म्हणता आलं नसतं.

वकिलाने जरा वाट पाहिली. मग काम झालंय असं धरून तो खाटेवर थोपटून निघून गेला.